गावाने हात वर करून ठरवलं, मग ती लोकशाहीच ना?

वेशीवरचा
धागा काढायला निमित्त झालं घरातलं भांडण. आमचं मूळ गाव रायगड जिल्ह्यात, नाव मुद्दाम देत नाही. तिथल्या गावकीने (ग्रामपंचायत नव्हे, गावची परंपरागत बैठक) एका घराला वाळीत टाकलंय. त्यांचा गुन्हा एवढाच की देवळाच्या जीर्णोद्धाराला गोळा झालेल्या वर्गणीचा हिशेब त्यांनी भर बैठकीत मागितला. आता शिमग्याची पालखी त्यांच्या दारात जात नाही, वाडीतला दुकानदार माल देत नाही, लग्नाचं आमंत्रण नाही, मयताला माणूस नाही. त्यांच्याशी बोलेल त्यालाही दंड. ठराव गावकऱ्यांच्या मुंबईतल्या मंडळातही वाचून दाखवला, म्हणजे चाकरमान्यांनाही लागू.

मी विरोध केल्यावर चुलते म्हणाले, "सगळ्यांनी हात वर केले. एकानेही नाही म्हटलं नाही. याहून लोकशाही वेगळी काय असते? तुमचं ते सरकार तरी बहुमतानेच येतं ना?"

वाटतं तितकं सोपं नाही याचं उत्तर. निवडून आलेलं सरकार कर लावतं तो कायदा आणि गावकीने दंड लावला की तो जुलूम, हा फरक नेमका कशावर उभा आहे? शिवाय मानवी हक्क सरकारविरुद्ध असतात असं आपण शाळेत शिकलो. इथे सरकार कुठेच नाही. मग या घराचे हक्क कोणाविरुद्ध आहेत? जाणकारांनी लिहावं.

सातबारा
पहिला प्रतिसाद उलट बाजूने देतो, नाहीतर पन्नास जण "+१" करून जातील.

वाळीत टाकणं वाईटच, त्याचं समर्थन करत नाही. पण शहरात बसून गावकीला खलनायक ठरवणं सोपं आहे. आमच्याकडे पाणंदीचा रस्ता गावकीने काढला, विहिरीचा गाळ दरवर्षी गावकीच काढते, कोणाच्या घरात मयत झालं तर लाकडं गोळा करायला तीच धावते. बांधाचे तंटे दोन बैठकांत मिटतात. तोच वाद दिवाणी कोर्टात नेलात तर नातवंडं तारखा घेतात. सरकार नावाची गोष्ट गावात महिन्यातून एकदा येते आणि तीही तलाठ्याच्या रूपाने. जिथे राज्यसंस्था पोचतच नाही तिथे लोक आपली व्यवस्था उभी करणारच. अशा व्यवस्थेत शिस्त हवी तर काहीतरी शिक्षा हवी, नाहीतर वर्गणी कोण देईल?

काळा कोट
सातबारा, विहिरीचा गाळ काढा की. त्याला कोणी अडवलेलं नाही. घटनेचं कलम १९(१)(क) संघटना बांधण्याचा हक्क देतंच. अडचण "शिक्षा" या शब्दापासून सुरू होते.

राज्यसंस्था म्हणजे काय, याची पाठ्यपुस्तकी व्याख्या लोकसंख्या, भूभाग, शासन आणि सार्वभौमत्व अशी चार अंगांची. ती बरोबर आहे, पण कामाची कमी. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने सांगितलेली खूण जास्त उपयोगी पडते: एका भूभागात बळाचा वैध वापर करण्याची मक्तेदारी जिच्याकडे, ती राज्यसंस्था. दंड करणं, कोंडणं, मालमत्ता जप्त करणं हे फक्त तिने करायचं. बदल्यात तिच्या गळ्यात साखळ्या घालायच्या: लिखित कायदा, बाजू मांडायची संधी, अपील, मूलभूत हक्क, मुदतीनंतर निवडणूक. गावकीला मक्तेदारीतला वाटा हवाय, साखळ्या नकोत. वाळीत टाकलेल्या घराने अपील कुठे करायचं? गावकीची पुढची निवडणूक कधी?

आता कायद्याचं. घटनेच्या कलम १२ मध्ये "राज्य" म्हणजे कोण ते सांगितलंय: केंद्र आणि राज्य सरकारं, संसद, विधिमंडळं, स्थानिक आणि इतर प्राधिकरणं. तुमची ग्रामपंचायत या व्याख्येत बसते. गावकी बसत नाही. म्हणजे उद्या ग्रामपंचायतीने एखाद्या घराचं पाणी असं तोडलं तर थेट मूलभूत हक्काचा भंग म्हणून उच्च न्यायालयात जाता येतं. तेच गावकीने केलं तर वाट वळणाची होते. वेशीवरच्याचा प्रश्न म्हणूनच नेमक्या जागी बोट ठेवतो.

तरीही घटना समाजाच्या बाबतीत गप्प नाही. अस्पृश्यता नष्ट करणारं कलम १७, वेठबिगारी आणि माणसांच्या व्यापाराला बंदी घालणारं कलम २३, आणि दुकानं, विहिरी, तलाव, रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून आडकाठी करू नये असं सांगणारं १५(२), ही कलमं खासगी माणसांनाही बांधतात. ती अशी का लिहिली, हे या राज्यात तरी समजावून सांगायची गरज पडू नये.

जुनं बाड
गरज पडते, कोट साहेब. महाडचं नाव सगळ्यांना पाठ असतं, पण त्यातली एक घटना फार कमी जणांना आठवते आणि ती या धाग्यासाठीच घडल्यासारखी आहे.

१९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि हजारो लोक प्रत्यक्ष पाणी प्यायले, त्या दिवशी परतणाऱ्यांना मारहाण झाली, तळ्याचं "शुद्धीकरण" झालं. हे सगळ्यांना माहीत आहे. पुढचं ऐका. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रीतसर मागे घेतला. सभेत, बहुमताने. ठरावाने दिलेलं ठरावानेच काढून घेतलं. डिसेंबरच्या सत्याग्रहाआधी स्पृश्यांच्या बाजूने दावा दाखल झाला, तात्पुरता मनाई हुकूम मिळाला, आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षं.

वेशीवरच्याच्या चुलत्यांना हे सांगा. हात वर करून मिळालेली गोष्ट हात वर करून जाते. हक्क म्हणायचं तर ती मतदानाच्या यादीत येताच कामा नये.

आणखी एक. मुंबई सरकारने १९२८ मध्ये स्टार्ट समिती नेमली होती, डॉ. आंबेडकर तिचे सदस्य. तिच्या अहवालात सामाजिक बहिष्काराचं वर्णन आहे: गावातला रस्ता वापरू द्यायचा नाही, वाण्याने धान्य द्यायचं नाही. दलितांना दडपायला याहून परिणामकारक हत्यार आम्हाला माहीत नाही, असा समितीचा निष्कर्ष. १९४७ मध्ये संविधान सभेला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी कलमंच मांडली, ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याच्या धर्तीवर. आपल्या राज्याला असा कायदा करायला २०१६ उजाडावं लागलं.

शंकेखोर
सगळं मान्य करून एक खोडा घालतो.

मानवी हक्कांची कल्पना जन्मली ती राजाच्या, म्हणजे राज्यसंस्थेच्या मनमानीविरुद्ध. आणि मनमानी काय असते ते आपण पाहिलंय. आणीबाणीत २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एडीएम जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक असा निकाल दिला की स्थानबद्ध माणसाला बंदिप्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे आपली अटक बेकायदा आहे असं सांगून सुटका मागण्याचा, अर्जही करता येणार नाही. एकट्या न्यायमूर्ती एच. आर. खन्नांनी विरोध केला, पुढे त्यांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिलं. तो निकाल स्पष्ट शब्दांत रद्द झाला २०१७ च्या, खासगीपणाच्या हक्कावरच्या पुट्टस्वामी खटल्यात, एक्केचाळीस वर्षांनी. त्या वेळचं सरकारही निवडून आलेलंच होतं.

आता तुम्ही म्हणता, समाजापासून वाचवायला राज्यसंस्थेला बोलवा. म्हणजे कोल्ह्याच्या भीतीने वाघाला अंगणात बांधायचं. प्रत्येक सामाजिक अन्यायावर फौजदारी कलम आलं की पोलिसांची ताकद वाढते, आणि ती नेमकी दुबळ्यांवरच वापरली जाते. जात पंचायती मोडायच्या निमित्ताने पोलीस भटक्या समाजांच्या वस्तीत शिरले तर? त्यांच्यावर आधीच गुन्हेगारीचा शिक्का मारून झालाय, इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून.

उंबरठा
शंकेखोर, भीती खरी आहे. पण त्याच समाजांतले तरुण-तरुणी काय म्हणतात तेही ऐका ना. कंजारभाट समाजातल्या पोरापोरींनी २०१८ मध्ये कौमार्य चाचणीविरुद्ध मोहीम उभी केली, मार खाल्ला, बहिष्कार सोसला, आणि संरक्षण कोणाकडे मागितलं? सरकारकडेच. तिथे मागायला दुसरं दार नाही.

आता माझा मुद्दा. "सगळ्यांनी हात वर केले." वेशीवरचा, हे सगळे म्हणजे कोण? तुमच्या गावकीच्या बैठकीत किती बायका होत्या? मी कोकणातलीच आहे. आमच्याकडे घरटी एक पुरुष बसतो. बायका चहा पाठवतात आणि निर्णय दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर कळतो. वाळीत टाकल्याची झळ मात्र रोज त्यांनाच. दळण कोणी दळून देत नाही, बाळंतिणीकडे कोणी फिरकत नाही, पोरीचं ठरलेलं लग्न मोडतं. ज्या ठरावावर अर्ध्या गावाला मतच नव्हतं तो एकमताचा कसा?

ग्रामसभा वेगळी. तिथे मतदार यादीतला प्रत्येक जण सदस्य असतो, सासू आणि सून दोघी. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची तरतूद आहे. ती बऱ्याचदा कागदावरच होते हे मलाही माहीत आहे, पण न झाल्याची तक्रार तरी करता येते. गावकीची तक्रार गावकीकडे.

मानवी हक्क फक्त सरकारविरुद्ध असतात, हे तर १० डिसेंबर १९४८ चा वैश्विक जाहीरनामाही म्हणत नाही. त्याचं शेवटचं, तिसावं कलम काढून बघा. या जाहीरनाम्यातले हक्क नष्ट करण्याचा अधिकार कोणत्याही राज्याला, गटाला किंवा व्यक्तीला नाही, असं आहे त्यात. गट! आणि विसाव्या कलमाचा दुसरा भाग: कोणालाही एखाद्या संघटनेत राहायची सक्ती करता येणार नाही. याच जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्या कलमातल्या "सर्व पुरुष" अशा अर्थाच्या शब्दांऐवजी "सर्व मानव" यावेत म्हणून अडून बसल्या त्या आपल्या हंसा मेहता. त्यांचा फोटो एकाही शाळेत पाहिल्याचं आठवत नाही. असो, हे अवांतर.

पिंपळपार
वाचतोय. उंबरठा यांचा प्रतिसाद आवडला.

बांबूवन
गडचिरोलीकडून लिहितोय. कोकणच्या गावकीवरून गावाच्या अधिकारालाच नाट लागू नये म्हणून.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव अनेकांना ठाऊक असेल. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. वनहक्क कायदा २००६ चा, आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत मेंढा होतं, सुमारे १८०० हेक्टर जंगलावर. तरी वनखातं बांबू न्यायला वाहतूक परवाना देईना. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री गावात आले तेव्हा परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. इथे हक्क कोणाचा होता? गावाचा. कोणाविरुद्ध? राज्यसंस्थेविरुद्ध. माणूस एकेकटा गेला असता तर वनखात्याने दारात उभं केलं नसतं.

मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. ऐकायला तुमच्या गावकीसारखंच वाटेल, पण वागणं नेमकं उलटं. तिथे एक जण जरी नाही म्हणाला तरी विषय पुढच्या सभेवर जातो. महिनोन् महिने चालतो. कंटाळा येतो, पण नाही म्हणणाऱ्याला समजावत बसावंच लागतं, कारण त्याच्याशिवाय गाडं हलत नाही. तुमच्याकडे एकमत होतं कारण नाही म्हणणाऱ्याचं पाणी तुटतं. तेव्हा एखाद्या गावात लोकशाही आहे का हे बघायचं असेल तर हात किती वर झाले ते मोजू नका, ज्याने हात वर केला नाही तो दुसऱ्या दिवशी कुठे असतो ते बघा.

सातबारा
बांबूवन, हे पटलं. हिशेब मागणाऱ्याला वाळीत टाकायचं म्हणजे गावकीने स्वतःचीच विहीर बुजवली. उद्या वर्गणी कोण विश्वासाने देणार?

पण एक प्रश्न उरतोच. संविधान लिहिणाऱ्यांनी गावावर इतका अविश्वास का दाखवला? ग्रामस्वराज्याची भाषा करणारे तिथेही होते की.

जुनं बाड
होते, आणि मसुद्यात गाव नाही म्हणून ते चिडलेही होते. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी त्यांना उत्तर दिलं. खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं, अज्ञानाची गुहा, असे कडक शब्द वापरून ते म्हणाले की मसुद्याने खेड्याला बाजूला ठेवून व्यक्तीला एकक मानलं याचा मला आनंद आहे. त्यावर बराच गदारोळ झाला. मग तडजोड म्हणून ग्रामपंचायतींचं कलम ४० मार्गदर्शक तत्त्वांत आलं, आणि प्रत्यक्ष घटनात्मक दर्जा मिळाला ७३ व्या दुरुस्तीने, २४ एप्रिल १९९३ पासून. पण तेव्हाही जे गाव आत घेतलं ते मतदार यादीचं गाव. मानकऱ्यांचं गाव बाहेरच राहिलं. माझ्या मते घटनेने गावाच्या बाबतीत केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच.

शंकेखोर
मग व्यक्ती हेच एकक असेल तर दाऊदी बोहरांचं काय झालं ते सांगा. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला होता. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो चार विरुद्ध एक मतांनी घटनाबाह्य ठरवला. धर्मगुरूंना धार्मिक कारणावरून एखाद्याला समाजाबाहेर काढता येतं, कारण कलम २६(ब) प्रमाणे धर्मसंप्रदायाला आपल्या धार्मिक बाबी स्वतः सांभाळायचा हक्क आहे. म्हणजे समूहाचा हक्क जिंकला, व्यक्ती हरली. उद्या तुमची गावकी म्हणेल, पालखी हीही धार्मिक बाब.

काळा कोट
शंकेखोर शेवटी गृहपाठ करून आले. त्या निकालात एकटे विरोधात होते ते खुद्द सरन्यायाधीश बी. पी. सिन्हा. त्यांचं म्हणणं, बहिष्कृत माणसाची अवस्था गावातल्या अस्पृश्यासारखी होते, त्यामुळे हा कायदा कलम १७ च्या भावनेशी सुसंगत आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो १९६२ चा निकाल पुन्हा तपासायला हवा म्हणून नऊ जणांच्या पीठाकडे पाठवला.

पण तुमच्या उदाहरणात पालखी धार्मिक धरली तरी वाण्याचं दुकान, मयत आणि पाच-दहा हजारांचा दंड धार्मिक कसा? आणि हिशेब मागणं हा धर्मद्रोह कधीपासून? हिशेबाचा विषय धर्मादाय आयुक्तांचा, देवस्थान नोंदलेलं असेल तर.

शिवाय त्याच वर्षी, जानेवारी २०२३ मध्ये, कौशल किशोर खटल्यात घटनापीठाने बहुमताने म्हटलंय की कलम १९ आणि २१ चे हक्क राज्यसंस्थेशिवाय इतरांविरुद्धही बजावता येतात. न्यायमूर्ती नागरत्ना यांनी याला असहमती नोंदवली, आणि त्यांची कारणं शंकेखोरांना आवडतील.

वेशीवरचा
सगळ्यांचे आभार. चुलत्यांना महाडचा ठराव सांगितला. ते म्हणाले, "ते जातीचं होतं. हे आपलंच माणूस आहे, आपल्याच जातीचं." यावर काय म्हणायचं? आणि व्यवहाराचं विचारतो. त्या घरातल्या मुलाला तक्रार करायची आहे. चौकीत गेल्यावर "गावात मिटवा" असं सांगून परत पाठवलं.

काळा कोट
चुलते नकळत २०१६ च्या कायद्याचं कारणच सांगून गेले. दलित-आदिवासींवर बहिष्कार टाकला तर अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो, १५(२) ही जात-धर्माच्या भेदावर चालतं. पण एकाच जातीतल्यांनी आपल्याच माणसाला वाळीत टाकलं तर हातात नेमकं कलम नव्हतं. पोलीस खंडणी, धमकी असली कलमं जोडून बघायचे आणि ती टिकत नसत. नाशिककडे २०१३ मध्ये आंतरजातीय लग्नावरून एका गर्भवती मुलीचा बापानेच खून केला, त्यामागे जात पंचायतीचा दबाव उघड झाला, आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जात पंचायतींविरुद्ध मोहीम हाती घेतली. त्याच वर्षी २० ऑगस्टला डॉ. दाभोलकरांची हत्या झाली, मोहीम थांबली नाही. एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारापासून संरक्षणाचा कायदा मंजूर केला, राष्ट्रपतींची संमती येऊन जुलै २०१७ पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे "मिटवा" म्हणायचा पर्याय चौकीला नाही.

मुलाला सांगा: तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी. नोंदवली नाही तर तीच पोस्टाने पोलीस अधीक्षकांना, तरीही नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. मंडळात ठराव वाचला त्याचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश, दंडाची पावती, काहीही लेखी असेल ते जपून ठेवावं. राज्य मानवी हक्क आयोगाकडेही जाता येतं, पण तिथे तक्रार गावकीविरुद्ध करू नका, दाद न देणाऱ्या पोलिसांविरुद्ध करा. १९९३ च्या कायद्याने आयोग लोकसेवकाने केलेला किंवा रोखण्यात हयगय केलेला हक्कभंग तपासतो. तक्रार हक्कभंगाला वर्ष उलटायच्या आत करावी लागते.

उंबरठा
एक सावधगिरी. हा गुन्हा पीडिताची संमती आणि कोर्टाची परवानगी असेल तर तडजोडीने मिटवता येतो, आरोपीने समाजसेवा करायच्या अटीवर. तरतूद चांगल्या हेतूने आहे, कारण त्या घराला पुढेही त्याच वाडीत राहायचं असतं. पण संमती कशी मिळवली जाते तेही पाहिलंय. आत्या-मामा येतात, रडतात, पोरीच्या लग्नाचा विषय काढतात. तडजोड करायचीच झाली तर दंड घेतला असेल तो परत आणि बहिष्कार उठवल्याचं लेखी, दोन्ही हातात आल्याशिवाय सही करू नका. आणि सहीला आईला सोबत न्या. तिच्या अटी बहुतेक वेगळ्या असतील.

सातबारा
आणि वर्गणीचा हिशेब? तो तडजोडीत विसरला जाईल बघा.

वेशीवरचा
नाही विसरणार. मुंबई मंडळाची सभा पुढच्या महिन्यात आहे. तिथे माझीही वर्गणी आहे, त्यामुळे हिशेब मीही मागणार आहे. लेखी अर्ज आजच सचिवांना पाठवला, पोच मागितली आहे.